चरबी गप्प होईपर्यंत

लेबनॉनच्या डोंगरातल्या त्या गावात उम्म नसीफचा कान प्रसिद्ध होता. तुतीचा पाला चारून उन्हाळाभर फुगवलेला मेंढा थंडीच्या तोंडावर कापला, की त्याच्या शेपटाची चरबी कढवायला चाळीस वर्षं तिलाच बोलावणं यायचं. चरबी तडतडतेय तोवर तिच्यात पाणी आहे. ती गप्प झाली की मांस आणि मीठ टाकायचं आणि सगळं हिवाळ्यासाठी बरण्यांत भरायचं. घाई केली तर बरणीला बुरशी, उशीर केला तर सगळंच करपलं. म्हणून 'चरबी बोलते तेव्हा बायकांनी बोलू नये' हा तिचाच नियम होता. रंग बघून सांगणाऱ्यांना ती आंधळ्यांत काढायची.

गेली दोन वर्षं तिला ऐकू येत नव्हतं. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. बहिऱ्याला चरबी पहिल्यापासूनच गप्प वाटते. गेल्या वर्षी गावातल्या फरीदेच्या हंड्यात तिने तडतडत्या चरबीतच मांस टाकायला लावलं आणि बायकांनी टाकलं. उम्म नसीफच्या कानापुढे स्वतःच्या कानावर कोण विश्वास ठेवणार? नाताळाआधीच दोन बरण्या बुरसल्या. तिने बरण्यांना दोष दिला. नाचता येईना, अंगण वाकडं.

यंदा फरीदे समोर उभी राहून म्हणाली, "राग मानू नका, पण औंदा बिघडलं तर पुढल्या साली खालच्या गावच्या हन्नेला बोलवीन." ओठांवरून शब्द न् शब्द कळला.

हंडा चढला. बायका गप्प. उम्म नसीफ पळी धरून, कान तिरका करून उभी राहिली. तेवढ्यात समोर उभी असलेली तिची सून नजला बोलायला लागली. भावाचे गुडघे, शेजारची नवरी, मग कोंबड्या.

"अगं सटवे, तोंडाला कुलूप घाल! चरबी बोलतेय ना!"

"बोलतेय की, आई. म्हणून तर मी पण बोलतेय," असं म्हणून नजला पुन्हा कोंबड्यांवर आली. नजर सासूवर, ओठ मोठे मोठे हलवत.

उम्म नसीफला आधी संताप आला. मग कळलं. हिला ठाऊक होतं, कधीपासून कोण जाणे. तिला लाज वाटली आणि लाजेपेक्षा जास्त हायसं वाटलं. शिव्या मात्र तिने चालूच ठेवल्या, चारचौघींत तेच शोभत होतं.

"आणि ती काळी कोंबडी काय करते, तर..." नजलाचं तोंड मिटलं.

"टाका मांस," उम्म नसीफ म्हणाली.

ईस्टरला फरीदेने शेवटची बरणी उघडली. आत सगळं पांढरंशुभ्र, घट्ट. "काय कान आहे हो तुमचा!"

"ही बया बडबडली नसती तर आणखी नीट ऐकलं असतं."

घरी जाताना नजला गप्प होती. उम्म नसीफ वाटेतच थांबली.

"रुसलीस?"

नजलाने नकारार्थी मान हलवली.

"मग बोल की काहीतरी. तू गप्प झालीस की वाटतं, माझाच हंडा उतरला."

नजलाने तोंड तिच्याकडे वळवलं.

"तर ती काळी कोंबडी..."