बसली ना? मग वाजणारच!

कुठलीही पिन हातात आली की काका आधी तिच्यावर फुंकर मारायचे. मग ती शर्टाच्या टोकाला पुसायची, डोळ्यांजवळ धरून निरखायची आणि आत घालायची. घातली की लढाई मारल्यासारखा चेहरा करून म्हणायचे, "बसली ना? मग वाजणारच!"

रत्नागिरीत ज्यांची लग्नं झाली, त्यांतल्या पुष्कळांच्या मंगलाष्टकांना काकांचाच माईक होता. लग्नं, सत्यनारायण, निवडणुकीच्या सभा, भाट्याच्या वाळूतले क्रिकेटचे सामने, सगळीकडे यांचे कर्णे. जन्मभर कर्ण्याखाली उभं राहिल्यावर म्हातारपणी ऐकू येईनासं झालं, यात नवल नाही. नवल हे की त्याचा त्यांना रागही नव्हता. "लोकांना ऐकू गेलं ना? झालं तर," म्हणायचे. असा समाधानी माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. मला तर अशा माणसांचा कधीकधी वैतागच येतो.

मुलीने कानात घालायचं मशीन घेऊन दिलं होतं. ते त्यांनी आठवडाभरात डबीत टाकलं. "शिट्ट्या मारतं मेलं," एवढाच निकाल. त्यांचा स्वतःचा उपाय तयार होता. घरी जोडलेला एक छोटा ॲम्प्लिफायर आणि कान झाकणारे जुने जाडजूड हेडफोन. त्या हेडफोनला ते टोपडं म्हणत. टोपडं घालून ॲम्प्लिफायरचं बटण पुरतं पिळलं की त्यांना स्वच्छ ऐकू येई. फोन कानाला लावून मात्र काही कळत नसे.

हे सगळं लागायचं ते रविवारसाठी. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि एकुलती एक मुलगी लग्न करून कॅनडात. रविवारी सकाळी ती कॉम्प्युटरवर दिसायची. काका दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून समोर बसायचे. बाकीचा आठवडा त्यांना ढकलायचा असे.

मग जुना कॉम्प्युटर बंद पडला आणि मुलीने लॅपटॉप पाठवला. माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, म्हणून ते प्रकरण माझ्या टेबलावर आलं. सुंदर, पातळ लॅपटॉप. पण त्याला ॲम्प्लिफायरची पिन घालायला गोल भोक एकही नव्हतं. नुसती दोन चपटी. मशीन पातळ करायच्या नादात माणसांच्या घरातल्या वायरी कुठे घालायच्या, याचा विचार या लोकांनी केलेला नसतो.

काका मोबाईलबरोबर आलेला एक जोड घेऊन आले होते. एका टोकाला चपटी पिन, दुसऱ्याला गोल भोक. फुंकर मारून त्यांनी तो बसवला. बसला. वाजला मात्र नाही.

"बसलीय की रे!" काका म्हणाले.

"बसली, पण दोघांचं पटत नाही, काका."

"असं कसं नाय पटत? भोक तेच, पिन तीच."

पन्नास वर्षं त्यांचा धंदा याच एका विश्वासावर चालला होता. तो मोडणं माझ्या जिवावर आलं.

मी दुसरा, चांगला जोड मागवला. त्यातून आवाज आला. काकांना मुलगी ऐकू आली आणि त्यांचे डोळे भरले. पण आता मुलगी म्हणू लागली, "बाबा, तुमचा आवाज येत नाही." जोड लागला की लॅपटॉपला वाटायचं, माईकही याच वायरीवर आहे. मग तो स्वतःचा माईक बंद करून काकांच्या ॲम्प्लिफायरकडे आवाज मागायचा. ॲम्प्लिफायरला माईक नव्हताच. मी सेटिंग बदलून दिलं आणि दोघं एकमेकांना ऐकू लागली.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. कारण काका बोलणं संपलं की सगळ्या पिना काढून, पुसून, फडक्यात गुंडाळून ठेवायचे. पिन काढून घातली की लॅपटॉप माझं सेटिंग विसरायचा. "काढू नका हो," मी हात जोडले. त्यांना ते पटणं शक्य नव्हतं. "खारा वारा हाय, पिन गंजते. नि वीज पडली म्हणजे? मशीन निजताना मोकळं हवं." विजेने त्यांचे दोन ॲम्प्लिफायर खाल्ले होते. मी जोडावर चिकटपट्टी लावून आलो, तर त्यांनी ती नीट सोडवून मला परत आणून दिली. सेटिंग कायमचं करून पाहिलं, ते एका अपडेटने धुऊन नेलं. शेवटी मीच दर रविवारी सकाळी भाट्याचा पूल ओलांडून जाऊ लागलो. जाताना चिडलेला असायचो आणि येताना नसायचो.

एका रविवारी घरच्यांना घेऊन आंजर्ल्याला गणपतीला गेलो. सोमवारी काका दुकानात हजर, चेहरा खुललेला.

"काल मशीन झकास चाललं. पोरीशी सगळं बोललो."

"तुमचा आवाज गेला तिला?"

"गेला तर! मान हलवत होती."

मला हायसं वाटलं. आम्ही चहा प्यायलो.

त्याच आठवड्यात काका गेले. दुपारी जेवून खुर्चीत बसले, ते उठलेच नाहीत. बातमी कळली तेव्हा मला फार वाईट वाटलं, आणि नंतर जे घडलं त्याने अधिकच.

दिवसकार्य आटोपल्यावर मुलगी दुकानात आली.

"दादा, त्या रविवारी बाबांचा आवाज येतच नव्हता," ती म्हणाली. "मी त्यांना विचारलं होतं, माझं तिथलं सगळं संपलंय, मी कायमची घरी येऊ का? मला रडू फुटलं. ते बोलायला लागले. इतकं मनापासून बोलत होते की मला त्यांना थांबववेना. मीच नुसती मान हलवत राहिले. म्हटलं, पुढच्या रविवारी विचारीन."

बिघाड मला दाखवावा म्हणून तिने पडद्याचा व्हिडिओ मोबाईलवर घेऊन ठेवला होता. तिने तो लावला. काका बोलत होते. हात हलवून, पुढे वाकून, बराच वेळ. मध्येच त्यांनी मान आडवी हलवली, मग हसले. आवाज फक्त तिच्या हुंदक्यांचा होता.

"ही मान बघा," ती म्हणाली. "येऊ नको म्हणतायत? की रडू नको म्हणतायत?"

मी पडद्याकडे वाकून पाहिलं.

"तुम्हाला यातलं कळतं. यातून आवाज काढता येईल ना? सगळा नको. दोन शब्द मिळाले तरी चालतील."

मी तिला खरं ते सांगितलं. काकांचा आवाज त्या खोलीतच राहिला, मशीनमध्ये शिरलाच नाही. जे शिरलंच नाही ते काढणार कुठून? तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग व्हिडिओ पुन्हा सुरुवातीला नेला आणि मोबाईल माझ्या हातात ठेवला.

"तुम्ही एकदा नीट बघा ना," ती म्हणाली. "तुम्हाला त्यांची बोलायची पद्धत माहीत होती."

मी बघत राहिलो. काका मान हलवत होते, हसत होते, आणि त्यांच्या ओठांवरचा एकही शब्द मला ओळखता येत नव्हता.