खंडेनवमीचा कॅल्क्युलेटर
ओल्या हळदीचा वास आला की मला डमडमच्या घरातली ती खंडेनवमी आठवते. बाहेर देवीच्या मंडपात ढाक, तो मोठा बंगाली ढोल, वाजत होता. बंदराला सुट्टी नसते, म्हणून बाबा खिदिरपूरच्या गोदीत एका बोटीच्या तपासणीला गेले होते. खिशातला जुना कॅल्क्युलेटर मात्र पूजेसाठी घरी ठेवला होता. त्यांचं शस्त्र तेच. आईने त्यावर हळदकुंकू वाहिलं आणि सवयीने पळीभर पाणीही सोडलं. मी घाईने बटण दाबलं, तर काच कोरीच. "आजच्याच दिवशी बंद पडावा?" आईचा चेहरा पांढराफटक पडला. "बाबांना फोन लाव." लागेना. बोटीच्या पोटात उतरले की त्यांचा फोन कधीच लागत नसे, हे ठाऊक असूनही मी पुन्हा पुन्हा नंबर फिरवला. मी झाकण उघडून सेल पुसले, सगळं उन्हात वाळत घातलं. आई देवापुढून उठेना. तिन्हीसांजेला सेल बसवून बटण दाबलं, पुन्हा दाबलं, आणि काचेवर फिकट शून्य उमटलं. ते बघून आई हमसून रडली; बाबा घरी यायला अजून तास होता. यंदा लेकीने तिच्या बाबांचा लॅपटॉप पूजेत मांडला आणि पळी शोधत घरभर फिरली. पळी माझ्या मुठीत होती, आणि तिचे बाबा त्या वेळी विमानात होते.