नव्या इंजिनाची अँबॅसिडर

बीबी गावच्या गोकुळला जुनी गाडी दुरुस्त करायची होती ती लेकीच्या लग्नासाठी. गोठ्यामागे पत्र्याखाली वडिलांची, कडूबांची, अँबॅसिडर कित्येक वर्षं उभी होती. टायर मातीत रुतलेले, सीटमध्ये उंदरांनी बिऱ्हाड थाटलेलं. ह्याच गाडीतून कडूबांनी अर्ध्या गावाच्या लेकी सासरी पोचवल्या होत्या, अडलेल्या बाया मेहकरच्या दवाखान्यात नेल्या होत्या. पुढे काचबिंदूनं त्यांचे डोळे गेले आणि गाडीही थांबली.

"अर्पिताची बिदाई आपल्याच गाडीतून होऊ दे," म्हातारा म्हणाला. "अन् मले एकडाव गॅरेजात नेजो. तिचं दुखणं मले मालूम हाय."

"हाव आबा," गोकुळ म्हणाला. पण नेलं नाही. आंधळ्या माणसाला तिथं बसवायचं कुठे, ऑइलावरून पाय घसरला तर काय, अशी त्यानं मनाची समजूत घातली. खरं म्हणजे त्याला घाई होती.

मेहकरचे वामनराव मिस्त्री बॉनेट उघडून बराच वेळ पाहत राहिले. "इंजिन मेलेलं नाही. पण पार्ट हुडकावे लागतीन. दम धरता का जरासा?"

"लग्न तोंडावर आलं ना भाऊ. दुसरं बसत नाही का?"

"डिझेलचं बसते. पण गिअर खाली येईन, स्टिअरिंगपाशी नाही राह्यणार."

"बसवा मग."

रंग लागला, सीटा नव्या झाल्या, पासिंगही झालं. पांढरीशुभ्र गाडी दारात आली तेव्हा सारी आळी पाहायला लोटली. गोकुळच्या बायकोनं, जयमालानं, गाडीला ओवाळलं. गोकुळनं हाताला धरून आबांना ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं. म्हातारा हरखून गेला होता. त्यांनी स्टिअरिंग चाचपलं, मग डावा हात सवयीनं बाजूच्या गिअरच्या दांड्याकडे गेला. तिथं काहीच नव्हतं. हात तसाच अधांतरी राहिला.

गोकुळनं खिडकीतून वाकून चावी फिरवली. इंजिन धडधडू लागलं. आबांनी मान तिरकी करून ऐकलं.

"गोकुळ, हे गाडी कोनाची होय?"

"आपलीच हाय, आबा."

"आपली इकली का तू? खरं सांग. मी रागावत नाही."

सगळ्यांसमोर गोकुळला इंजिन बदलल्याचं सांगावं लागलं. आबा चाचपडत दार उघडून खाली उतरले आणि जयमालाच्या आधारानं घरात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गोकुळ जुनं इंजिन परत आणायला मेहकरला पळाला. वामनरावांनी हात झटकले. "तुमीच तं म्हणलं होतं, जुनं घेऊन टाका. भंगारवाला कवाच घेऊन गेला."

लग्न थाटात झालं. अर्पिता त्याच गाडीत बसून सासरी निघाली. कडूबा ओसरीच्या खांबाला धरून उभे होते. एकेक गाडी सुरू होऊन पुढे सरकत होती. पूर्वी आपली गाडी नाल्यापलीकडे असली तरी म्हातारा आवाजावरून ओळखायचा.

"गेली का रे अर्पिता?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच गेली, आबा," गोकुळ म्हणाला. त्याला वाटलं, बाप रडला असता किंवा चार शिव्या तरी दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. पण म्हाताऱ्यानं नुसती मान हलवली आणि मांडवातल्या खुर्च्या पावसात भिजतील, आत घे म्हणून सांगितलं.