हॉटेलातला वाटा

आमच्या घरात सुट्टी या शब्दाची भीती होती. बोट दर्यात गेली नाही की सुट्टी. वादळाचा बावटा लागला, इंजिन बिघडलं, गावात कुणी गेलं, की सुट्टी. अशा दिवशी बा ओट्यावर बसून राहायचा, आई रिकामी टोपली उलटी करून लाकडं आणायला जायची आणि भाताबरोबर आज काय, हे कुणी विचारायचं नाही. शाळेत बाई विचारायच्या, सुट्टीत कुठं जाणार? बाकीच्या मुली मामाच्या गावाला म्हणायच्या. माझा मामा दोन घरं सोडून राहायचा.

आम्ही दांडीचे. बा आयुष्यभर दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. माल विकला की खर्च काढून वाटे पडायचे. आधी बोटीचा वाटा, मग जाळ्याचा, आणि राहील त्यात माणसांचे. बोटीचा मालक घरी झोपलेला असला तरी बोटीचा वाटा त्याला पोचायचा. बा तापानं पडला तर बाला काही नाही. त्याला याचा राग नव्हता. मालक आमच्याच आळीतला, चांगला माणूस. बाला फक्त एकदा त्या बाजूला बसून बघायचं होतं.

बा किनाऱ्याला लागला की आईचं काम सुरू व्हायचं. तो झोपायचा तेव्हा आई बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घालत असायची. ती बोईसरच्या बाजारातून यायची तोवर बा परत निघालेला. पावसाळ्यात दोन महिने मासेमारीला बंदी असते, बोटी वर ओढलेल्या असतात. तेव्हा बा जाळी शिवायला बसायचा आणि आई सुकं घेऊन मासवणपर्यंतची गावं फिरायची. दोघं एकाच दिवशी रिकामे बसलेले मी कधी पाहिले नाहीत.

आळीत पहिली पदवीधर मी. पालघरच्या कॉलेजातून बीएस्सी केलं, केमिस्ट्री घेऊन. तारापूरच्या एका कारखान्यात लॅबला लागले. लग्न झालं, आम्ही बोईसरला राहतो, एक मुलगी आहे. मिस्टर सांगलीकडचे, तेही कारखान्यातच. कॉलेजात असल्यापासून आळीतले सगळे कागद माझ्याकडे यायचे. बोटीचं लायसन, रेशनचा अर्ज, बँकेचं पत्र. बा कागद माझ्या हातात देऊन माझ्याकडे न बघता समोरच्या माणसाकडे बघायचा. त्या बघण्यासाठी मी शिकले असं म्हटलं तरी चालेल.

गेल्या उन्हाळ्यात बोईसरच्या एका प्रदर्शनात मिस्टरांनी कुपन भरलं. आठवड्यानं फोन आला, तुम्हाला बक्षीस लागलंय, जोडीनं या, पालघरजवळ हॉटेलात दोन तासांचा कार्यक्रम आणि जेवण. कार्यक्रमाच्या दिवशी आई-बा आमच्याकडेच होते. खोकल्यानं बाचं बोटीवर जाणं सुटलं होतं, त्याचं औषध आणायला आलेले. मिस्टर म्हणाले, "त्यांनाही नेऊ. जेवण तरी होईल."

एसीच्या हॉलमध्ये गोल टेबलं होती. आमच्या टेबलावर चाळिशीचा, टाय लावलेला, गोड बोलणारा माणूस आला. त्यानं समजावलं, की पंचवीस वर्षांची मेंबरशिप आहे, दर वर्षी तुमच्या नावावर पॉइंट जमा होतात, ते देऊन गोवा, महाबळेश्वर, मनाली, कुठंही रूम घ्यायची. गर्दीच्या दिवसांना जास्त पॉइंट लागतात, त्यांचा रंग लाल. मधल्या दिवसांना पांढरा. पावसाळ्याला सगळ्यांत कमी, त्याचा निळा.

बा पुढे सरकला. "न् एखाद्या वर्षी आमी गेलो नाय तर?"

"तरी पॉइंट तुमचेच, काका. पुढच्या वर्षी वापरा."

"म्हणजे न जाता वाटा पडतो."

"करेक्ट."

"न् माझ्या मागं?"

"मुलीला. मग नातीला."

बानं आईकडे पाहिलं. "ऐकलंस? आपली बंदी निळ्यात येते. सगळ्यांत स्वस्त."

आई म्हणाली, "तिकडं सुकं भाजू देतात?"

"रूममध्ये किचन आहे, काकू. आपलंच घर समजा."

"माझं घर समजले तर बाजूचे पळून जातील," आई म्हणाली. तो माणूस मनापासून हसला. मलाही तो आवडला, हे सांगितलं पाहिजे.

मग त्यानं करारनामा माझ्यापुढं ठेवला. "मॅडम ग्रॅज्युएट आहेत, मॅडमना समजेल." वीस-पंचवीस पानं, बारीक इंग्रजी. ड्रमवरचं लेबल, रसायनाची डेटाशीट मी डोळे झाकून वाचते. हे इंग्रजी वेगळं होतं. एकेक वाक्य अर्धं पान चालायचं आणि शेवटाला येईतो सुरुवात हातातून सुटायची. टेबलावरचे सगळे माझ्याकडे बघत होते. बा मात्र नेहमीसारखा समोरच्या माणसाकडे बघत होता.

वाचणारा माणूस उलटेल तेवढ्याच वेगानं मी पानं उलटली आणि म्हणाले, "कळलं."

मिस्टरांनी कार्डावरून आगाऊ रक्कम भरली. दहा दिवसांत रद्द केलं तर परत मिळणार होती. आम्ही करारनाम्याची प्रत घेतली आणि म्हटलं, घरी जाऊन नीट विचार करू. बा उठताना त्या माणसाचा हात धरून म्हणाला, "ठरलं."

आमच्या आळीत बोटीत वाटा घेतात तेव्हा कागद नंतर होतो, कधी होतही नाही. चार माणसांदेखत ठरलं म्हणायचं, बोटीपुढं नारळ फोडायचा आणि घरोघर खोबरं-साखर द्यायची. खोबरं ज्यानं खाल्लं तो साक्षीदार. मला हे लहानपणापासून माहीत आहे. तरी बाच्या तोंडून तो शब्द निघाला तेव्हा माझ्या डोक्यात काही वाजलं नाही.

रविवारी दांडीला गेले तर मालककाका ओट्यावर बसलेले. ज्यांच्या बोटीवर बानं जन्म काढला ते.

"काय गो बाय, बापाला बोटवाला केलास," ते म्हणाले. "न् बोट पण कसली, चार मजली."

बानं आदल्या दिवशी नारळ फोडला होता. हॉटेल लांब, म्हणून दारातल्या दगडावर. आळीत खोबरं वाटून झालं होतं. बा बनियन घालून खुर्चीत बसला होता, दम लागलेला, पण तोंडावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं.

"तू वाचलास ना कागद?" काकांनी विचारलं. "बाप बोलतो पोरीनं सगळा वाचला. मग मी पण घेतो. भाऊ पण बोलतोय. पुढच्या रविवारी आमाला घेऊन चल."

मी म्हणाले, "काका, अजून एकदा वाचते."

"दोनदा कशाला वाचायचा?" ते हसले. "एवढी शिकलीस ना?"

सोमवारपासून तीन दिवस डबा खायच्या सुट्टीत मी तो करारनामा लॅबमध्ये मोबाइलवर शब्द शोधत वाचला. जा किंवा जाऊ नका, देखभालीचा खर्च दर वर्षी भरायचा आणि तो वाढत जाणार. ठरावीक हप्ते भरून झाल्याशिवाय पहिली रूम मागता येत नाही. मागितली तरी शिल्लक असेल तर मिळणार. पंचवीस वर्षांनी हातात काही राहत नाही. फसवणूक म्हणता येणार नाही, सगळं लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं.

त्याच आठवड्यात बाला पालघरला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छातीचा फोटो उजेडावर धरला आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, की फुप्फुस सुधारायचं नाही, आहे ते जपायचं. मी विचारलं, प्रवास? ते म्हणाले, "जवळचा, आणि लवकर. पुढच्या वर्षी बघू असं काही ठेवू नका."

म्हणजे ज्याच्यासाठी पंचवीस वर्षं घ्यायची त्याच्याकडे ती नव्हती. पहिली रूम मिळेपर्यंतही बहुतेक नव्हता वेळ.

मिस्टरांचं म्हणणं वेगळं होतं. "ठेवूया. त्यांनी नारळ फोडलाय. आणि आपण तरी कुठं जातो? तुमच्या दांडीला, नाहीतर माझ्या गावाला. दोन्हीकडं कामाला."

त्यांचं खोटं नव्हतं. मी दोन दिवस तसाही विचार केला. बाच्या तोंडावरचं ते राहील तेवढे दिवस राहू द्यायचं, नंतरचं नंतर. पण मालककाका आणि त्यांचा भाऊ माझ्या वाचण्यावर सही करायला निघाले होते.

आठव्या दिवशी मी दांडीला गेले. बाला समजेल अशा भाषेत सांगायचं ठरवलं होतं, आणि त्याचाही मला अभिमान वाटत होता.

"बा, बोट वर ओढून ठेवली तरी दर वर्षी तिचा खर्च आपणच करायचा."

"तो करायलाच लागतो."

"ती दर्यात कधी न्यायची ते आपण नाही ठरवायचं. जागा असेल तर ते बोलावणार."

बानं विचारलं, "न् शेवटाला?"

"शेवटाला बोट त्यांची."

"मग आमी कोण? खलाशी?"

मी आणलेला करारनामा पिशवीत परत ठेवला.

"खलाशाला डिझेल भरायला लागत नाय," बा म्हणाला. मग म्हणाला, "नारळ फोडला त्याचं काय करायचं आता?"

"मी सांगते आळीत."

"तू काय सांगणार? तू तिथं कळलं बोललीस, म्हणून मी फोडला."

आवाज चढवला नाही त्यानं. आई आतून म्हणाली, "पोरीला कशाला बोलता? नारळ तुमी फोडलात, खोबरं मी किसलं." कुणी हसलं नाही.

मी मालककाकांच्या घरी गेले आणि उंबऱ्यातच सांगितलं, की तिथं मला कळलं नव्हतं, मी कळलं म्हणाले. काका म्हणाले, "बरा झाला सांगितलास." काकू चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "आमाला वाटलं तुला समदं येतं." चहा पिऊन मी उठले. रद्द करायचं पत्र दुसऱ्या दिवशी पाठवलं. मेंबरशिपवाल्यांचे फोन येत राहिले, आधी गोड, मग कमी गोड. आगाऊ रक्कम परत आली.

बाकीचं परत आलं नाही. आळीतले कागद आता शाळेतल्या गुरुजींकडे जातात. बा रोज काठी टेकत, जाळी शिवतात त्या मांडवात जाऊन बसायचा, ते त्यानं सोडलं. कुणी चिडवलं होतं असं नाही. एकानं फक्त विचारलं होतं, "हॉटेलवाले, कधी निघालात?" मी म्हणाले, "बा, ते मस्करी करतात." तो म्हणाला, "ठाऊक हाय मला."

बंदी लागली तसं मी ठरवलं, जायचंच, भाड्यानं. लांबचं बाला झेपणार नव्हतं. मासवणला सूर्या नदीजवळ एका शेतावर दोन खोल्या मिळाल्या. बा नको म्हणाला. मग आई, जिला इतके दिवस कुणी विचारलंच नव्हतं, म्हणाली, "मला जायचंय. तुमी बसा." तेव्हा तो उठला.

गाडी शेतावर पोचली आणि स्वयंपाकाच्या बाईनं आईला ओळखलं. "मावशी, तुमी? सुकं आणलाव?"

आई म्हणाली, "या वाटेनं डोक्यावर टोपली घेऊन चाललेय मी. आज झोपायला आलेय." आणि पिशवीतून बोंबलाची जुडी काढली. आणली होतीच तिनं.

संध्याकाळपर्यंत आई तीनदा स्वयंपाकघरात शिरली आणि त्या बाईनं तिला तीनदा बाहेर काढलं. शेवटी ती पडवीत बाच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. बानं विचारलं, "दर्या कुठल्या अंगाला?" तिनं हात करून दाखवलं. दोघं तिकडं बघत बसून राहिले. माझी मुलगी फोटो काढू का म्हणाली, मी नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी जेवून आम्ही परतलो. मालककाकांनी दारात विचारलं, "हॉटेल कसा होता?" बा म्हणाला, "भाड्याचा होता."

त्यानंतर बाला ओट्यापर्यंतही जमत नाही. डॉक्टर आता लवकर किंवा उशिरा असं काही बोलत नाहीत, औषध लिहून देतात.

पॉइंट आम्ही घेतले नाहीत. आळीत कुणीच घेतले नाहीत. आई आणि बा एक रात्र घराबाहेर एकत्र राहिले, आणि त्या संध्याकाळी साधारण तासभर दोघं एकाच वेळी रिकामे बसले.