एका परमिटवरच्या दोन अटी

"दाजी, आमचा ट्रान्सफॉर्मर तुमच्याच हापिसानं अडवलाय व्हय?"

फोनवर सोयगावचा मेहुणा होता. तिथल्या सबस्टेशनचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता. पाण्याचे पंप बंद, गाव टँकरवर. नवा ट्रान्सफॉर्मर घेऊन निघालेला ट्रेलर शहराच्या तोंडाशी, छावणीच्या अलीकडं उभा होता. मी म्हटलं, शक्यच नाही. त्याचं परमिट मीच मंजूर केलं होतं, आणि तेही एका दुपारीत.

मी तेव्हा हायवेच्या ऑफिसात परमिटचं काम बघायचो. ठरलेल्या लांबी-रुंदी-उंचीत न मावणाऱ्या मालाला आम्ही ओडीसी म्हणतो. तो रस्त्यावर आणायला खास परवानगी लागते. पूर्वी ट्रान्सपोर्टवाले आमच्याकडं आणि शहराच्या ट्रॅफिक पोलिसांकडं वेगवेगळे हेलपाटे घालायचे. आम्ही ते बंद केलं. एकच ऑनलाइन अर्ज, दोघांच्या अटी एकाच परमिटवर. त्याचं कौतुकही भरपूर करून घेतलं.

ट्रेलरचे मालक सलीमभाई गाडीजवळच होते. त्यांना फोन लावला.

"साब, दिन में पुलिस रोकते, रात में तुमारा परमिट रोकता. हम जाना कब?"

परमिट उघडलं. एक अट आमची: वाहतूक फक्त सूर्योदय ते सूर्यास्त. खाली पोलिसांची: वाहतूक फक्त रात्री. दोन्ही अटी सगळ्या प्रवासाला लागू. पुन्हा पुन्हा वाचलं. डोकंच चालेना. वर हिरव्या अक्षरात 'अप्रूव्ह्ड' होतं.

ट्रॅफिकच्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "दिवसा एवढं धूड छावणीतून? शाळा सुटल्यावर आम्ही काय करायचं?" बरोबर होतं. आमच्या साहेबांकडं गेलो. "रात्री हायवेवर एवढा लोड? मागून कुणी घुसला तर?" तेही बरोबर.

"मग सर, इतकी वर्षं हे ट्रेलर जात कसे होते?"

साहेब म्हणाले, "तुम्हीच सोडत होता ना?"

शेवटी सलीमभाईंनाच विचारलं.

"पहले दो कागज थे ना साब. हायवे पे दिन में चलते, तुमारा दिखाते. शहर के बाहर ठैरते, रात को पुलिस का दिखाके निकलते. दोनों साथ में किसने देखे?"

खरं तर ती पद्धत शहाणपणाची होती. आम्ही अटी एकत्र केल्या, पण कुठली अट कुठल्या टप्प्याला, हे लिहायला सॉफ्टवेअरमध्ये जागाच ठेवली नाही. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीला कळवलं. उत्तर आलं, पुढच्या अपडेटमध्ये बघू. मला भयंकर राग आला. तिकडं बायाबापड्या टँकरच्या मागं पळतायत आणि हे अपडेट सांगतायत.

मी साहेबांना म्हटलं, "एकाच ट्रेलरला दोन परमिटं देतो. एक हायवेचं, दिवसाचं. एक शहराचं, रात्रीचं."

"सही तुम्ही करा," साहेब म्हणाले.

केली. ट्रेलर रात्री शहराबाहेर पडला, दिवस उगवल्यावर पुढं निघाला आणि सोयगावला पोचला. सॉफ्टवेअरही पुढं दुरुस्त झालं. तेव्हापासून कुणी नवी सिस्टीम आणली की मी आधी विचारतो, सध्या कसं निभावताय?

पंप सुरू झाल्यावर मेहुण्याचा फोन आला. घोटाळा काय होता, ते मी त्याला सविस्तर सांगितलं.

"म्हंजी होतं तसंच केलं ना दाजी? मग गावाला इतके दिस तहानलेलं कशापायी ठेवलं?"