पाण्याच्या कागदावरचा अंगठा

लासुर्ण्याच्या झुंबरला त्या दिवशी महिपती नको होता, त्याचं घरही नको होतं. तिला हवा होता फक्त कालव्याकडेचा अर्ध्या बिघ्याचा तुकडा. तिथले गोटे तिने नऊ वर्षांपूर्वी स्वतः पाटीने वाहून काढले होते.

नवरा वारल्यावर ती मोरगावहून महिपतीकडे राहायला आली. पाट लावून पुन्हा लग्न करायचं म्हणत त्याने ते पुढच्या सालावर ढकललं आणि तशीच नऊ सालं गेली. १९३६ च्या उन्हाळ्यात त्याने मावशीच्या मुलीशी सोयरीक ठरवली अन् झुंबरला म्हणाला, "तुझं गाठोडं उचल." ती शेजारच्या साखरबाईच्या पडवीत राहायला गेली. उसाला पाणी पाजायला मात्र रोज येत राहिली. मग महिपतीने तिला बांधावरच अडवलं आणि प्रकरण चावडीवर गेलं.

"लग्नाची न्हाय, पाटाची न्हाय. रानात हिचा काय हक्क?" महिपती पंचांसमोर गरजला. "एक कागद तर दाखवावा हिनं!"

"कागद आसता तर तिनं तुझ्या दारात नऊ सालं काढली असती व्हय रं?" साखरबाई मागून फिसकारली. माणसं हसली.

झुंबर मात्र हसली नाही. तिचे डोळे एकदम चमकले.

"आबा," ती पंचांतल्या वडीलधाऱ्या हिंदुरावांना म्हणाली, "पाण्याचा कागद चालतो का?"

"कसला पाण्याचा?"

"दर हंगामाला ह्यांनी माझा अंगठा घेतलाय. इचारलं तर म्हणायचे, दाब गप, कालव्याचं हाय."

महिपतीचा चेहरा उतरला. हिंदुरावांनी तो पाहिला आणि सावकाश पानाचा डबा उघडला. "जा पोरी, पाटकऱ्याला घेऊन ये. आमचं पान रंगंस्तवर बसतो."

झुंबर सुटली! पदर कमरेला खोचला, वहाणा चावडीच्या पायरीवरच राहिल्या. कालव्याच्या भरावावरून ती चौकीकडे अशी धावली की म्हशी धुणारी पोरं पाण्यातून उठून बघत राहिली. कालव्याच्या पाण्याचा हिशेब ठेवणारा पाटकरी रामहरी जेवायला बसला होता. "उठा, भाऊ! भाकरी मी घालीन नंतर, आधी चोपडी घ्या!" त्याला हात धुवायलाही धड वेळ मिळाला नाही.

चावडीत रामहरीने घाम पुसला आणि बोट ठेवून वाचलं : "कालव्याकडेचा तुकडा, अर्धा बिघा, ऊस. मालक महिपती. कसणार झुंबर, खंडानं. खाली अंगठा."

एका खातेदाराला उसासाठी कालव्याचं पाणी ठरावीकच मिळायचं. जास्त मिळावं म्हणून महिपतीनेच तो तुकडा तिला खंडाने, म्हणजे वर्षाला ठरलेल्या मोबदल्यावर, कसायला दिल्याचं लिहून दिलं होतं. पाच सालं!

"ते नुसतं पाण्यापुरतं हुतं!" महिपती ओरडला.

रामहरीने चोपडी मिटली. "म्हंजी खोटं लिवून पाणी घेतलंसा? मग कालव्याच्या साहेबाला कळवाया लागंल. पाणी बंद, दंड येगळा. उभा ऊस वाळतोय बघा."

"बोल," हिंदुराव म्हणाले. "कागद खरा का खोटा?"

महिपतीने पागोट्याचा शेव चाचपला, घसा खाकरला. दुसरा रस्ता नव्हता.

"खरा हाय."

"मग रान तिनं कसायचं. ऊस तिचा, तुला खंड. अन् तिला काढायचं मनात आलं तर आधी हितं यायचं."

साखरबाईने अशी आरोळी ठोकली की चावडीमागची कोंबडी उडाली. नऊ सालांत झुंबरने त्याचं नाव कधी तोंडाने घेतलं नव्हतं. पंचांच्या देखत ती म्हणाली, "महिपती, माझ्या उसात तुझी बैलं सुटलीत. न्या."

तो उठला आणि बैलं हाकायला गेला. त्याच दुपारी बाया गोळा होऊन बांधावर आल्या, तेव्हा झुंबर गुडघाभर चिखलात दारं धरून, पाणी वळवत उभी होती. पाणी सरीतून पळत होतं आणि ती त्याच्या मागे पळत होती, हसत, कुदळ खांद्यावर टाकून.