साडेपाच फुटांचा हार

माझ्या लग्नाचा एकच फोटो आहे, आणि त्यात मी कुठे आहे ते बोट ठेवून दाखवावं लागतं. मोगऱ्याचे दोन ढीग उभे आहेत. डावीकडच्या ढिगावर मुंडावळ्या आहेत, मुंडावळ्यांच्या खाली एक नाक आहे. तो मी. उजवीकडच्या ढिगाला नाकही नाही. ती माझी बायको. घरी येणारा प्रत्येक जण फोटोपुढे उभा राहून हसतो आणि विचारतो, हार चुकले कसे? हार चुकले नव्हते. हे मी तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगतो. पण ते कळायला माणूस पेणचा पाहिजे.

मी पेणला गणपतीच्या कारखान्यात कामाला होतो. शाळा चौथीत सोडली ती सोडली. शाडू मळण्यापासून सुरुवात केली आणि पितांबराला सोनेरी काठ मारण्यापर्यंत पोचलो. आमच्याकडे सगळं मूर्तीच्या फुटावर चालतं. दोन फुटाचा पाट, दोन फुटाचं मखर, दोन फुटाचा हार. म्हणजे हार दोन फूट लांब नव्हे, दोन फूट उंचीच्या मूर्तीला बसेल तो हार. हारवाल्याला 'दोनाचा दे' म्हटलं की पुढे बोलायचं काम नाही. माणसाच्या गळ्यात फुलांचा हार आमच्या लोकांत घालतच नसत. लग्नातसुद्धा कागदाचे आणि जरीचे. ते खिळ्याला टांगलेले मिळायचे, त्यांना माप नसायचं.

मुलगी बघायला आम्ही रोह्याजवळच्या अष्टमी गावात गेलो. पोहे झाले, माझ्या आईनं रीत म्हणून विचारलं, "तुला काय पायजे गो?" अशा वेळी मुलीनं मान खाली घालून गप्प बसायचं असतं. हिनं मान वर केली आणि म्हणाली, "कागदाचा हार नको."

मग तिच्या मामानंच खुलासा केला. मामा तोंडाचा मोकळा होता. थोरल्या बहिणीच्या लग्नात भर वैशाखात घाम आला आणि कागदाच्या हाराचा लाल रंग सुटला. मानेवरून गळ्यात, गळ्यावरून चोळीत. आहेर घेऊन आलेली एक म्हातारी 'पोरीला कापली' म्हणून ओरडली. तेव्हापासून ती बहीण अष्टमीत 'लाल मानेची' झाली, दोन पोरं झाली तरी तेच नाव.

"फुलांचे हार सुकतात," तिचे वडील म्हणाले. "आणि थोरलीचे हार मी जपून ठेवलेत. दुसरे कशाला?"

म्हणजे तेच हार! मी आतापर्यंत एक शब्द बोललो नव्हतो. मी म्हणालो, "फुलं मी आणतो. पेणवरून."

"पेणवरून हितपर्यंत? वैशाखात?" ते हसले. "ऐका. फुलं सुकलेली आली, नायतर कमी पडली, तर माझे हार घालायचे. हाय कबूल?"

"हाय."

दाराआडून ती माझ्याकडे बघत होती. मी दिलेला शब्द तिनं ऐकला, हे मी बघितलं. आता मागे फिरायची सोय नव्हती. निघताना मामा म्हणाला, "आणि हातात धरायला गुच्छ पण आणा हां. रोह्यात आता तीच पद्धत हाय."

फुलं निवडायला मी एकटा गेलो. नवऱ्यानं स्वतःच्या लग्नाचे हार सांगायला जाणं तेव्हा हसण्यावारी नेत, म्हणून कोणाचं लग्न ते मी हारवाल्याला सांगितलंच नाही. त्याची-माझी कारखान्याची ओळख. त्यानं आधी झेंडू दाखवला. मी म्हटलं नको, झेंडू ट्रकलाही घालतात. गुलाब दाखवला. त्याच्या पाकळ्या बोटानं दाबून बघितल्या, वाटेत टिकणाऱ्या नव्हत्या. कण्हेरीला वास नाही. शेवटी मोगऱ्याची करंडी पुढे आली. कळ्या घट्ट, टपोऱ्या, आदल्या संध्याकाळी गुंफल्या तर दुसऱ्या दिवशी भर मुहूर्तावर उमलतील अशा. माझी निवड तिथेच झाली.

"केवढ्याचा?" त्यानं विचारलं.

"जोडी पायजे. एक साडेपाचाचा, एक पाचाचा."

त्यानं माझ्याकडे आदरानं बघितलं. "मोठं काम हाय. बैठं का उभं?"

मी विचार केला. हार घालताना उभं राहायचं, होमाला बसायचं. "आधी उभं, मग बैठं."

"मग बैठंच धरतो. बैठ्याला हार पोटावरून सोडायला लागतो, मांडीवर टेकला पायजे. सैल बरा."

"सैल बरा," मी म्हणालो. कोणाला आवळ हार पाहिजे असतो?

"आणि हातात द्यायला?"

"तुमच्याकडे असेल ते चांगलं द्या."

एवढंच बोलणं झालं. ह्यात कोण चुकला ते कोणीही सांगावं. पेणमध्ये हाराला माप देतात ते मूर्तीचं, आणि कारखान्यातला माणूस साडेपाच म्हणाला तर हारवाल्यानं बसल्या बसल्या साडेपाच फूट भरणाऱ्या गणपतीशिवाय दुसरं काय समजायचं?

लग्नाच्या दिवशी पहाटे वऱ्हाडाच्या ट्रकमध्ये दोन हारे, म्हणजे वेताच्या मोठ्या टोपल्या, चढले. ओल्या केळीच्या पानात गुंडाळून भोवती पेंढा, आपण मूर्ती पाठवतो तसे. "मांडवात जाईपर्यंत उघडू नको, वारा लागेल," हारवाल्यानं बजावलं. एकेक हारा चढवायला चौघं लागले. मला वाटलं, पेंढा ओला असेल.

रोह्यापर्यंत मी ट्रकमध्ये हाऱ्यांच्या बाजूलाच बसलो आणि दर गावाला त्यांच्यावर पाणी मारलं. नवरदेवाची पँट गुडघ्यापर्यंत भिजली, पण पानाच्या आतून मोगऱ्याचा वास येत होता. सासरे हरणार हे मला नागोठण्यालाच कळलं.

मंगलाष्टका झाल्या, अंतरपाट बाजूला झाला, भटजी म्हणाले, "हार घ्या." माझ्या कारखान्यातल्या दोन सोबत्यांनी पहिला हारा उघडला आणि हार बाहेर काढायला सुरुवात केली. हार येत राहिला. मनगटाएवढा जाड, पांढराशुभ्र, एक कळी सुकलेली नाही. विहिरीतून दोर ओढावा तसा येत राहिला. बायका पुढे सरकल्या. मग एक म्हणाली, "अगो बाय, अजून येतोयच!"

मामा पुढे आला. "जावयबापू, ह्यातला तुमचा कुठला आन् बैलाचा कुठला?"

तेवढ्यात माझ्या हातात गुच्छ आला. दुर्वांची जुडी, मधोमध तांबडी जास्वंद. भटजींनी सवयीनं हात जोडले. मामा म्हणाला, "मोदक पण मागवतो, थांबा."

सगळा मांडव हसत होता. ती हसत नव्हती. ती हाराचं एक टोक दोन्ही हातांनी उचलायचा प्रयत्न करत होती. ते माझ्या छातीपर्यंत आलं आणि परत खाली गेलं. पुन्हा उचललं, पुन्हा गेलं. भटजी म्हणाले, मुहूर्त टळतोय.

आणि सासरे वर्तमानपत्राची पुडी घेऊन आले. ती सोडली. आत कागदाचे हार, लाल रंग अजून ओठाला लावावा असा. "बोललो व्हतो ना," ते म्हणाले.

"तुम्ही बोललात सुकले तर, नायतर कमी पडले तर. सुकलेत?"

त्यांनी वाकून वास घेतला. माणूस खरा होता. "नाय."

"कमी पडलेत?"

त्यांनी मांडवभर पसरलेल्या हाराकडे बघितलं. "कमी नाय पडले."

"मग? जास्तीचं ठरलं नव्हतं."

सासरे विचारात पडले. जास्तीचं खरंच ठरलं नव्हतं. तेवढ्या वेळात माझ्या सोबत्यांनी मांडवाच्या कडेच्या दोन काठ्या काढल्या. मोठ्या मूर्तीला आम्ही हार तसाच घालतो, दोन बाजूंनी दोन काठ्यांवर उचलून वरून सोडायचा. त्यांनी हार उचलला, माझ्या डोक्यावर नेला, आणि एक जण सवयीनं ओरडला, "हळू! सोंड सांभाळ!"

मी नाक आत घेतलं. हार उतरला. खांद्यांवर कोणी पोतं ठेवावं तसं वाटलं, गुडघे वाकले, पण मी पडलो नाही. हार पोटावरून गेला, मांड्यांवरून उतरला आणि उरलेला पायाशी वेटोळं घालून बसला. हारवाल्याचं काम चोख होतं.

"तिला नको," सासरे म्हणाले. "तिची मान मोडेल. तिला हा घाला." आणि त्यांनी कागदाचा हार तिच्या डोक्याशी नेला. मला मोगऱ्यातून नीट दिसत नव्हतं, हातही वर येत नव्हते. मी दिलेला शब्द दोन हातांच्या अंतरावर मोडत होता आणि मला हलता येत नव्हतं.

ती एक पाऊल मागे सरली. "बाबा, मला पण तसाच घाला. काठ्यांनी."

"मरशील गो!"

"मरीन. पण लाल नाय होणार."

तिची थोरली बहीण बायकांत उभी होती, ती पुढे आली आणि काठीचं एक टोक तिनं स्वतः धरलं. हार वर गेला आणि खाली आला, आणि माझी बायको दिसेनाशी झाली. आतून आवाज आला, "हाय मी."

पुढचं लग्न कसं लागलं ते फोटोत दिसत नाही. सात पावलं आम्ही टाकली ती हारांची शेपटं उचलून धरणाऱ्यांच्या हिशोबानं टाकली. माझं शेपूट मामाच्या वाट्याला आलं आणि त्याचं बोलणं त्या दिवसापुरतं थांबलं. होमाला बसल्यावर हार मांडीवर बरोबर टेकला, हे मी सासऱ्यांना दाखवलं. कोणीतरी आजी आली, आमच्या पायाशी हळदकुंकू वाहिलं आणि नमस्कार करून बाजूला झाली. तिच्यामागे रांग लागली. आम्हाला हात हलवून नको म्हणता येत नव्हतं. मी दुर्वा धरून बसून राहिलो.

निघताना हिनं हाराचा खालचा वीतभर तुकडा दातांनी तोडला आणि बहिणीच्या केसांत माळला. मग बाकीच्या बायका आल्या. अष्टमीत त्या संध्याकाळी मोगऱ्याशिवाय एकही अंबाडा नव्हता म्हणतात. तरीही ट्रकमध्ये चढलो तेव्हा आमच्या गळ्यात इतर नवरा-नवरींपेक्षा जास्तच हार उरला होता.

नागोठणं मागे पडल्यावर ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली. मानेला मागून हात लावून बघितला, हात पुढे धरून तळवा बघितला. लाल नव्हता.

"केवढ्याचा सांगितला व्हतात?"

"माझा साडेपाचाचा. तुझा पाचाचा."

तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, "फुलं खरी आणलीत, ते मानलं. पण मी पाच फूट नाय. पावणेपाच हाय."

"पाच," मी म्हणालो.

"पावणेपाच."

तो वाद अजून मिटलेला नाही. नातवंडं टेप घेऊन येतात. मी मापू देत नाही.